ऊतक-संवर्धन, औषधी वनस्पतींचे

वनस्पतीच्या खोडाचा, पानाचा, मुळाचा वा कळीचा लहानसा तुकडा निर्जंतुक स्थितीत काचपात्रातील पोषक माध्यमावर ठेवून त्यातील कोशिकांची वाढ घडवून आणण्याच्या तंत्रास ‘ऊतक-संवर्धन’ म्हणतात. ऊतक म्हणजे समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचा (पेशींचा) समूह. औषधी वनस्पतींच्या बाबतीत हे तंत्र दोन निरनिराळ्या हेतूंनी वापरले जाते. पहिला हेतू एकाच चांगल्या झाडापासून असंख्य एकसारखी रोपे तयार करणे हा होय. दुसरा हेतू याहून धाडसी आहे. रोप, शेत व हंगाम ही सर्व वगळून केवळ कोशिकांकडूनच औषधी द्रव्य बनवून घ्यावयाचे, असा तो आहे. लोकप्रिय लेखनात या दोहोंची नेहमी गल्लत होते व पहिल्यातील यश दुसऱ्याच्या नावावर मांडले जाते. सूक्ष्मजंतूंची वाढ रोखणारी किंवा त्यांचा नाश करणारी द्रव्ये देणाऱ्या वनस्पतींबाबत महाराष्ट्रात झालेले कार्य पाहता हा भेद स्पष्ट होतो. या कार्याचे दोन मुख्य प्रवाह असून एक तुर्भे (मुंबई) येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात व दुसरा पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उगम पावला.

पार्श्वभूमी : पश्चिम भारतातील वनौषधींची आधुनिक पद्धतीने नोंद करण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत सुरू झाले. सरकारी औषधभांडाराशी संबंधित असलेले विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातील वनस्पतिज औषधांवर ग्रंथ लिहिला व पुढे वॉर्डन आणि हूपर यांच्या सहकार्याने फार्माकोग्राफिया इंडिका हा त्रिखंडात्मक ग्रंथ सिद्ध केला (१८८९–९३). मराठी वाचकांपुढे ही माहिती शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या आर्यभिषक् या ग्रंथाने आणली व तो अनेक घरांत वैद्याच्या जागी वापरला गेला. चित्रकाचे मूळ, कुड्याची साल, हळदीचे मूलक्षोड (जमिनीतील आडवे खोड) ही द्रव्ये जखम, त्वचारोग, आमांश अशा विकारांवर परंपरेने वापरात होती. यांतील बरेच विकार सूक्ष्मजंतूंमुळे होतात, हे पुढे कळले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. पान वा फळ तोडल्याने झाड मरत नाही, पण मूळ खणले किंवा बुंध्याची साल सभोवार सोलली, तर ते मरते. चित्रक, कुडा व सर्पगंधा या तिन्ही वनस्पतींची औषधी द्रव्ये मुख्यतः मुळात वा सालीत साठतात. मागणी वाढली की काय होते, याचा धडा सर्पगंधेने दिला. मुंबईचे हृदयरोगतज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. यानंतर जंगलांतून सर्पगंधेची मुळे एवढ्या प्रमाणात उपटली गेली की, पुढे तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित वनस्पतींच्या यादीत घालावा लागला. सर्पगंधा सूक्ष्मजंतुरोधी म्हणून वापरली जात नाही, परंतु जमिनीखालील द्रव्याला पर्याय शोधण्याची निकड प्रथम तिच्यामुळे जाणवली.

तंत्राचा विकास : प्रत्येक वनस्पति-कोशिकेत संपूर्ण वनस्पती घडविण्याची क्षमता असावी, ही कल्पना जर्मन भाषिक वनस्पतिवैज्ञानिक गोटलीप हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडली. त्यांचे स्वतःचे प्रयोग मात्र फसले. अमेरिकेत फिलिप व्हाइट यांनी १९३४ मध्ये टोमॅटोच्या मुळांची टोके अखंडपणे वाढविण्यात यश मिळविले. १९३९ मध्ये व्हाइट तसेच फ्रान्समधील गोथरे व नोबेकूर यांनी अमर्याद वाढणारी ऊतके मिळविली. स्कूग व मिलर यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले की, ऑक्सिन व सायटोकायनीन या वृद्धि-नियंत्रकांचे परस्परप्रमाण बदलले, तर त्याच ऊतकाला मुळे वा कोंब फुटतात अथवा त्यापासून किण म्हणजे आकारहीन कोशिकांचा गोळा बनतो. मुराशिगे व स्कूग यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेले पोषक माध्यम आजही जगभर वापरतात. भारतात दिल्ली विद्यापीठातील शिप्रा गुहा व सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोतऱ्याच्या परागकोशांपासून एकगुणित रोपे मिळविली. हे यश एका औषधी वनस्पतीतच मिळाले, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे.

माध्यमात नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम यांची लवणे, सूक्ष्म मूलद्रव्ये, जीवनसत्त्वे, साधारणतः ३ टक्के साखर व घट्टपणासाठी आगर असते. ते १२१° से. तापमानाला वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात. संवर्धन सु. २५° से. तापमानात होते. इतकी साखर असलेले माध्यम बुरशीला व सूक्ष्मजंतूंना मेजवानीच असते. जी वनस्पती सूक्ष्मजंतुरोधी द्रव्यांसाठी प्रसिद्ध, तिचाच तुकडा चंबूत चार दिवसांत बुरशीने झाकून जातो, हा विरोधाभास या क्षेत्रातील प्रत्येक नवशिक्याला पाहावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या अनुभवात चित्रकाच्या जमिनीखालील मुळांचे तुकडे तर पारायुक्त क्षाराने धुऊनही अनेकदा वाया गेले. कळीचे वा कोवळ्या पेराचे तुकडे त्या मानाने स्वच्छ निघतात.

किण्वनाचा आदर्श : कोशिकांकडून द्रव्य मिळविण्याची कल्पना ज्या काळी रुजली, तो प्रतिजैव पदार्थांच्या (अन्य सूक्ष्मजीवांना मारक असणाऱ्या जीवजन्य पदार्थांच्या) विजयाचा काळ होता. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला व १९५५ पासून तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन होऊ लागले. याच ठिकाणी थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांना एका स्ट्रेप्टोमायसीज जातीपासून ‘हॅमायसीन’ हा कवकनाशक पदार्थ मिळाला व त्या सूक्ष्मजीवाच्या नावात पिंपरीचे नाव गुंफले गेले. कवक पोलादी टाकीत वाढवून औषध मिळते, तर वनस्पतीच्या कोशिका का वाढवू नयेत, असा विचार साहजिक होता. अमेरिकेतील फायझर कंपनीच्या रूटिअर व निकेल यांनी १९५६ मध्येच या अर्थाचे एकस्व (पेटंट) मिळविले होते. परंतु या तुलनेत एक मोठी अडचण दडलेली आहे. अनुकूल स्थितीत एखादा सूक्ष्मजंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. वनस्पति-कोशिकेला त्यासाठी एक ते चार दिवस लागतात. तितका काळ साखरेचे पाणी संपूर्ण निर्जंतुक राखावे लागते. शिवाय वनस्पति-कोशिका आकाराने मोठ्या, गुठळ्या करून राहणाऱ्या व जोरात ढवळल्यास फुटणाऱ्या असतात.

तुर्भे येथील कार्य : अणुशक्तीच्या संस्थेत वनस्पतींचे संशोधन का, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडतो. प्रारणाच्या साहाय्याने पिकांचे नवे वाण काढणे हा तेथील जीवविज्ञान विभागाचा एक उद्देश होता व भुईमुगाचे तेथील वाण प्रसिद्धच आहेत. त्याच्या जोडीला नैसर्गिक द्रव्यांच्या रसायनशास्त्राचीही परंपरा तेथे निर्माण झाली. एम्. आर्. हेबळे, एस्. नारायणस्वामी व एम्. एस्. चढ्ढा यांनी भुईरिंगणीच्या (सं. कंटकारी) ऊतक-संवर्धनातून डायोसजेनीन व बीटा-सिटोस्टेरॉल ही द्रव्ये वेगळी केल्याचे १९६८ मध्ये सायन्स या अमेरिकी नियतकालिकात जाहीर केले. दशमुळांपैकी एक असलेली ही काटेरी, जमिनीलगत पसरणारी वनस्पती दख्खनच्या पठारावर पडीक जमिनीत व बांधांवर सर्वत्र उगवते. जालना जिल्ह्यातील हसनाबादच्या परिसरासारख्या कोरडवाहू भागात ती तण म्हणूनच परिचित आहे. डायोसजेनीन हे संप्रेरकांच्या निर्मितीसाठी लागणारे कच्चे द्रव्य असल्याने त्या काळी त्याला मोठी मागणी होती. भारतातील एका प्रयोगशाळेने दुर्लक्षित तणाच्या कोशिकांत ते दाखवावे, याला म्हणूनच महत्त्व आले.

सूक्ष्मजंतुरोधी द्रव्यांच्या दृष्टीने मात्र याच तिघांचे चित्रकावरील संशोधन (१९७४) अधिक मोलाचे आहे. चित्रक (लॅ. प्लंबॅगो झेलॅनिका, कुल प्लंबॅजिनेसी) हे पांढऱ्या फुलांचे झुडूप असून त्याच्या पुष्पकोशावर चिकट ग्रंथी असतात. त्याच्या मुळात ‘प्लंबॅजीन’ हे पिवळे, तीव्र वासाचे द्रव्य असते. रासायनिक दृष्ट्या ते नॅप्थोक्विनोन वर्गातील आहे. ते सूक्ष्मजंतू व कवके या दोहोंना मारक असते, पण कातडीवर लावल्यास फोडही आणते. जुन्या वैद्यांनी चित्रकमूळ शोधन करून व अल्प मात्रेतच द्यावे असे सांगितले आणि गर्भवतीस ते वर्ज्य ठरविले, त्याचे कारण हेच.

हेबळे व त्यांचे सहकारी यांनी चित्रकाच्या ऊतकातून परस्परांहून भिन्न असे कोशिका-वंश निवडून वेगळे केले आणि त्यांतील प्लंबॅजिनाची निर्मिती ऊतकाच्या प्रभेदनाशी म्हणजे अवयव व विशेषित कोशिका घडण्याच्या क्रियेशी ताडून पाहिली. या प्रश्नाचे मर्म असे : किण झपाट्याने वाढतो, पण तो कोणताच अवयव नसतो. त्यातील कोशिकांना आपण मुळाच्या आहोत की पानाच्या, याचा जणू विसर पडलेला असतो व त्याबरोबर त्या अवयवाचे खास द्रव्य बनविण्याचे कामही पुष्कळदा थांबते. याउलट ऊतक संघटित होऊन कोंब वा मुळे फुटू लागली की द्रव्याची निर्मिती परत येते, पण वाढीचा वेग घटतो. वाढ हवी तर द्रव्य नाही व द्रव्य हवे तर वाढ नाही, अशी ही कोंडी आहे. एकाच वनस्पतीचे सर्व कोशिका-वंश सारखे नसतात व त्यांतून निवड करता येते, हे लक्षात आल्याने या कोंडीतून एक वाट दिसू लागली.

तुर्भे येथील पुढील संशोधनात याच जाणिवेचा विस्तार दिसतो. १९८५ मध्ये सर्पगंधेच्या किणाऐवजी तिच्या बहुकोंबी संवर्धनातून अल्कलॉइडे मिळविण्यात आली. १९९३ मध्ये बेंजामिन, रोजा व हेबळे यांनी अग्रोबॅक्टिरियम ऱ्हायझोजेनीस या मृदेतील सूक्ष्मजंतूच्या साहाय्याने सर्पगंधेच्या ऊतकाचे रूपांतरण केले. हा सूक्ष्मजंतू आपल्या जनुकांचा एक भाग वनस्पतीच्या कोशिकेत घालतो व तेथे बारीक, केसाळ मुळांचा झुपका फुटतो. ही मुळे वृद्धि-नियंत्रकांवाचून चंबूत वाढतात व मुळातील द्रव्ये तयार करतात. म्हणजे मूळ हवे असेल तर मूळच वाढवावे, मात्र मातीवाचून. चित्रकाच्या केसाळ मुळांतूनही भारतीय संशोधकांनी पुढे प्लंबॅजीन मिळविले आहे.

जपानमधील यश : या विषयातील पहिले व्यापारी यश जपानला मिळाले व ते चित्रकाच्या अभ्यासकाला विशेष बोधप्रद आहे. जपानमध्ये लिथोस्पर्मम एऱ्हिथ्रोऱ्हायझॉन या वनस्पतीची लालजांभळी मुळे जखमा, भाजणे व मूळव्याध यांवर लेप म्हणून वापरीत. त्यांतील ‘शिकोनीन’ हे द्रव्य सूक्ष्मजंतुरोधी असून प्लंबॅजिनाप्रमाणेच नॅप्थोक्विनोन वर्गातील आहे. ही वनस्पती जपानात दुर्मिळ झाली व मुळे आयात करावी लागू लागली. ताबाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात तिच्या कोशिकांवर संशोधन केले आणि मित्सुई पेट्रोकेमिकल कंपनीने १९८३ मध्ये उत्पादनास आरंभ केला. त्यांनी वरील कोंडी दोन टप्प्यांनी फोडली. पहिल्या टाकीत कोशिका केवळ वाढवावयाच्या व नंतर त्या ७५० लि. च्या दुसऱ्या टाकीत, निराळ्या माध्यमात टाकून त्यांच्याकडून केवळ द्रव्य बनवून घ्यावयाचे. शेतातील मुळात काही वर्षांनी १ ते २ टक्के शिकोनीन साठते. टाकीतील कोशिकांत ते सु. तीन आठवड्यांत शुष्क वजनाच्या १४ टक्क्यांच्या आसपास गेले. गंमत अशी की, या औषधी द्रव्याची खरी प्रसिद्धी ओठांना लावण्याच्या लाल रंगामुळे झाली. कारखान्याचा खर्च प्रसाधनाच्या किमतीतून निघू शकला.

चित्रकाबाबत असे का घडले नाही, याची कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. शिकोनिनाला रंग म्हणून बाजार होता, प्लंबॅजिनाला तसा नाही. त्याची दाहकता व विषारीपणा यांमुळे शुद्ध द्रव्य पोटात देण्याचे औषध ठरले नाही. शिवाय चित्रक बियांपासून व छाटांपासून सहज वाढतो, त्यामुळे मुळे स्वस्त राहतात. संशोधनातील गुणवत्तेपेक्षा कच्च्या मालाच्या भावानेच येथे निर्णय केला, असे म्हणावे लागते.

पुणे येथील कार्य : राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (स्थापना १९५०) धोरण प्रारंभापासून पहिल्या हेतूकडे म्हणजे रोपांकडे झुकलेले होते. जीवरसायन विभागातील व्ही. जगन्नाथन् व ए. एफ्. मॅस्कारेन्हस यांनी उभारलेल्या गटाने साग, निलगिरी, वेलदोडा अशा आर्थिक महत्त्वाच्या वनस्पती हाताळल्या. १९९० मध्ये याच गटाने बांबूला चंबूतच फुले आणल्याचे वृत्त नेचर या नियतकालिकात आले. त्या मानाने १९७८ मध्ये नाडगौडा, मॅस्कारेन्हस, हेंद्रे व जगन्नाथन् यांनी प्रसिद्ध केलेली हळदीच्या शीघ्र गुणनाची पद्धत सामान्य वाचकाला फारशी ठाऊक नाही. सूक्ष्मजंतुरोधी वनस्पतींच्या इतिहासात मात्र तिला मानाचे स्थान दिले पाहिजे.

हळदीची (लॅ. कुर्कुमा लाँगा) लागवड मूलक्षोडाच्या तुकड्यांपासून म्हणजे गड्ड्यांपासूनच होते, कारण तिच्या लागवडीतील वाणांत गुणसूत्रांचे तीन संच असतात व त्यामुळे बी बहुधा धरत नाही. दर हेक्टरी दोन टनांहून अधिक बेणे लागते. ते पुढील हंगामापर्यंत सांभाळावे लागते आणि त्याबरोबर गड्डे कुजविणाऱ्या पिथियम कवकाचा प्रसारही होतो. सांगलीजवळ हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे प्रसिद्ध आहेत. तयार हळदीसाठी ती उत्तम होती, पण बेण्याचा प्रश्न त्यांनी सुटत नव्हता. एखादा चांगला वाण हाती आला, तरी तो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्यास वर्षानुवर्षे लागत. पुण्याच्या पद्धतीत गड्ड्यावर फुटणाऱ्या डोळ्यांपासून चंबूत कोंब, त्या कोंबांपासून अनेक कोंब व अखेर मुळे असलेली रोपे मिळतात. रोगमुक्त बेण्याचा उगम म्हणून अशा रोपांचा उपयोग होतो. काचेतील दमट हवेतून निघालेली रोपे बाहेर तग धरत नाहीत, म्हणून ती छायागृहात हळूहळू कणखर करावी लागतात व पुष्कळ प्रयोगशाळांचे नुकसान चंबूत न होता याच पायरीवर होते. १९८९ च्या सुमारास केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने पुणे व दिल्ली येथे ऊतक-संवर्धनाचे प्रायोगिक कारखाने उभारण्यात आले.

हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावरून पुढे कायद्याची लढाईही झाली. १९९५ मध्ये अमेरिकेत या उपयोगाचे एकस्व देण्यात आले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. परिषदेचे तत्कालीन महासंचालक रघुनाथ माशेलकर यापूर्वी पुण्याच्या याच प्रयोगशाळेचे संचालक होते. जुने ग्रंथ व भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख पुराव्यादाखल दिल्यावर १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. लढाई परंपरागत ज्ञानाच्या मालकीची होती. हळद जखमेवर किती प्रभावी आहे, याचा निवाडा तीत झाला नाही, हे अनेकदा विसरले जाते.

परिणामकारकतेचा प्रश्न : वनस्पतिज द्रव्यांच्या सूक्ष्मजंतुरोधी गुणाविषयीचे दावे तपासून घ्यावे लागतात. आगरच्या थाळीवर अर्काभोवती सूक्ष्मजंतुविरहित वलय दिसले, म्हणजे औषध सापडले असे होत नाही. संवेदनशील स्टॅफिलोकॉकसाची वाढ पेनिसिलीन एका मिलिलिटरमध्ये ०·१ मायक्रोग्रॅमहून कमी प्रमाणात रोखते, तर बहुतेक वनस्पतिज द्रव्यांना त्यासाठी १०० ते १,००० मायक्रोग्रॅम लागतात. हळदीतील कुर्कुमिनाचा सूक्ष्मजंतुरोधी गुण १९४९ मध्येच नोंदला गेला होता. परंतु ते रक्तात फारसे शोषले जात नाही व लवकर विघटते. प्रयोगशाळेतील अनेक कसोट्यांत ते फसवे होकारार्थी निष्कर्ष देते, असे २०१७ मधील एका विस्तृत समीक्षणात दाखविण्यात आले.

दुसरीकडे, एकच द्रव्य वेगळे काढल्याने काय गमावते, याचेही उदाहरण उपलब्ध आहे. दारुहळदीच्या बर्बेरिस वंशातील वनस्पतींत बर्बेरीन हे पिवळे अल्कलॉइड असते. कॉप्टिस जॅपोनिका या जपानी वनस्पतीच्या कोशिकांतून ते विपुल मिळविण्यात आले आहे. एकट्या बर्बेरिनाला सूक्ष्मजंतू आपल्या कोशिकेतून पंपाप्रमाणे बाहेर फेकून देतात. बर्बेरिस वनस्पती मात्र हा पंप अडविणारे दुसरे द्रव्यही बनवितात, असे स्टर्मिट्झ, लुइस व सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखविले. त्या दुसऱ्या द्रव्यात स्वतःचा सूक्ष्मजंतुरोधी गुण जवळजवळ नाही. नेहमीच्या चाचणीत ते निरुपयोगी म्हणून टाकून दिले गेले असते आणि केवळ बर्बेरिनासाठी निवडलेल्या कोशिका-वंशात त्याचा मागमूसही राहिला नसता. सूक्ष्मजंतू प्रतिजैव पदार्थांना दाद देईनासे झाले असताना चित्रक वा कुड्याच्या संवर्धनात कोणते द्रव्य मोजावयाचे, हे ठरविणे म्हणूनच सोपे राहिलेले नाही.

सद्यःस्थिती : महाराष्ट्रात ऊतक-संवर्धन हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी रुळला तो औषधी वनस्पतींमुळे नव्हे, तर जळगावच्या केळीमुळे. एकाच वेळी घड देणाऱ्या रोगमुक्त रोपांसाठी केळी-उत्पादक जादा किंमत देतो, कारण ती त्याच हंगामात वसूल होते. औषधी वनस्पतींच्या रोपाला हे गणित लागू पडत नाही. गुळवेलीसारखी वेल बोटभर छाटापासून कुंपणावर वाढते, तिच्यासाठी चंबू व वातानुकूलित खोली यांवर खर्च करणे प्रस्तुत लेखकास अनाठायी वाटते. ज्यांचे बी रुजत नाही, ज्यांच्या उत्तम वाणाचे शुद्ध बेणे हवे आहे किंवा ज्या जंगलात विरळ झाल्या आहेत, त्या वनस्पतींपुरतेच हे तंत्र राखून ठेवणे इष्ट. पश्चिम घाटातील नरक्या हे अशा वनस्पतींचे उदाहरण होय. त्यातील कॅम्प्टोथेसीन हे द्रव्य सूक्ष्मजंतुरोधी म्हणून नव्हे, तर कर्करोगावरील औषधांसाठी लागते व त्यापायी सह्याद्रीत या झाडांची मोठी तोड झाली. रोजा व हेबळे यांनी १९९४ मध्ये नरक्याच्या ऊतक-संवर्धनात व पूर्ण वाढलेल्या झाडांत या द्रव्याची तपासणी केली होती. चित्रकाची मुळे मात्र अजूनही जमिनीतून खणूनच बाजारात येतात. लागवडीखालील झुडपांची मुळे साधारणतः वर्षभराने काढतात व खणताना हाताला फोड येऊ नयेत म्हणून काळजी घ्यावी लागते.